करंजाची रोवणी

भिलाईत आम्हाला सगळं नवंकोरं मिळालं होतं. क्वार्टर नवं, नळ नवा, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, आणि माझा संसारही उणापुरा दोन वर्षांचा. सडकेवरची झाडंसुद्धा नवीच. आमच्या गल्लीला तिथं स्ट्रीट म्हणायचे आणि स्ट्रीटच्या दोन्ही कडांना गुलमोहर लावलेले होते. डांबराच्या रिकाम्या पिंपांना भोकं पाडून ती प्रत्येक रोपाभोवती उभी केलेली, म्हणजे गुरांनी तोंड लावू नये. तीन-चार वर्षांत गुलमोहर पिंपातून बाहेर पडून क्वार्टरच्या छतापर्यंत पोचले. बाकी जिकडे पाहावं तिकडे क्रेन, लोखंडाचे सांगाडे आणि लाल धूळ. सावली म्हणायची ती तेवढीच.

मे महिना संपत आला होता, तेव्हा एका दुपारी आंधी आली. कारखान्याच्या बाजूचं आभाळ तसंही रोज तांबडंच असायचं, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. शेजारची पंजाबीण खाटेवर वड्या वाळत घालून आत झोपली होती. आंधी अर्ध्या तासात आली आणि गेली. दार उघडून पाहिलं तर आमच्या स्ट्रीटवरचे सगळे गुलमोहर आडवे. मुळं उघडी पडलेली आणि तीही इतकी तोकडी, की ही झाडं इतके दिवस नुसती जमिनीवर ठेवली होती की काय असं वाटावं. पंजाबिणीची खाट तिसऱ्या क्वार्टरच्या दारात जाऊन उलटी पडली होती आणि तिथली तेलगू बाई सांडलेल्या वड्या वेचून परातीत भरत होती. कोणाला लागलं नव्हतं, म्हणून सगळ्याजणी रस्त्यात उभ्या राहून हसत होत्या. हसत नव्हती ती एकच बाई, माझी सासू.

त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. संक्रांतीनंतर हे त्यांना भंडाऱ्याकडच्या गावाहून घेऊन आले, कारण त्यांचा गुडघा सुजायचा आणि इथं प्लांटच्या दवाखान्यात औषध मिळायचं. गुडघा महिन्याभरात बरा झाला, पण आत्याबाईंना दिवस जाईना. दोन खोल्या झाडायला वेळ तो किती लागतो? गावी त्या रोवणीतल्या पहिल्या बाई. आमच्याकडे धानाची शेती. आषाढात परे म्हणजे धानाची रोपं उपटायची, मुळांची माती पाण्यात झटकून धुऊन टाकायची, पेंड्या बांधायच्या, आणि मग चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, बायकांनी ओळीनं वाकून, मागे मागे सरकत ती रोवायची. ओळीतली पहिली बाई जसा हात चालवेल तसे बाकीच्यांचे चालतात. तीस वर्षं ती पहिली बाई म्हणजे आत्याबाई. त्यांच्या हातचा परा मरत नाही म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोक त्यांना बोलवायला यायचे. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आणि पुष्कळदा सांगितलं होतं.

अशी बाई भिलाईत दिवसभर गुलमोहराखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली पाहायची. आंधीनं ती जागा गेली आणि त्या घरात बसायला लागल्या. घरात पाहण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी. मी तांदूळ फार धुते, कणीक सैल भिजवते, झाडू उलटा धरते. मी सातवी पास. सातवी पास सुनेला झाडू धरायला शिकवणाऱ्या सासूविषयी मला काय वाटत असेल ते सांगायला नको. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा, तोंडाला मात्र कुलूप. त्यामुळे भांडी जोरात वाजायची.

जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं की आता रोवणीला गावी जाणार. मी मनातल्या मनात पंचांग पाहायला लागले. तेवढ्यात भासऱ्यांचं, म्हणजे यांच्या मोठ्या भावाचं पत्र आलं. घरात वाचता येणारी मीच, कारण हे पहिल्या पाळीला गेलेले. मोठ्या मायेनं लिहिलं होतं, की यंदा तुम्ही येऊ नका, गुडघा सांभाळा, आराम करा, तुमच्याशिवाय आम्ही रोवणी निभावून नेऊ. आत्याबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग उठून चूल नीट करायला गेल्या. चूल नीटच होती. त्यांना ते पत्र कुठं लागलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच कळलं की ही बाई आता दिवाळीपर्यंत हलत नाही.

आषाढ लागला आणि बागेच्या खात्याचा सुपरवायझर सायकलवरून आला. बंगाली, हडकुळा, कायम घाईत असलेला माणूस. कारखान्यात नव्या भट्टीचं काम जोरात चाललं होतं. आमची माणसं पाळीवर पाळी करून घरी फक्त झोपायला येत, आणि खात्याचे माळी सगळ्या शहराला पुरे पडत नव्हते. तेव्हा प्रत्येक लाइनीतल्या लोकांनी आपापल्या समोरची झाडं स्वतःच लावून घ्यावी, असं त्यानं हात जोडून सांगितलं. खड्डे खणून मिळतील, रोपं ट्रकनं येतील. गुलमोहराचं नाव काढायचं नाही, ते सगळं दिखाऊ काम. आता करंज. करंजाचं मूळ खोल जातं, तो आंधीला भीत नाही.

कोण पुढाकार घेणार, असं त्यानं विचारलं. पंजाबिणीनं तेलगू बाईकडे पाहिलं, तेलगू बाईनं आमच्या समोरच्या छत्तीसगढी वहिनीकडे. आत्याबाई पायरीवरून उठल्या.

"रोवाचंच हाये न? मंग मले काय विचारता. तीस साल तेच करून राहिली मी."

सुपरवायझरला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण चेहरा कळला. त्यानं माताजी म्हणून नमस्कार केला आणि खिशातला एक छापील कागद काढून कोणाला वाचता येतं ते विचारलं. कागद माझ्या हाती आला. रोपं कशी लावायची ते त्यात हिंदीत लिहिलं होतं.

रोपं लावायच्या दिवशी सकाळी मी तो कागद नीट वाचला. रोपाच्या मुळाशी मातीचा गोळा असेल, त्याला पेंढा गुंडाळलेला असेल. पेंढा सोडावा, पण माती अजिबात झाडू नये. एका खड्ड्यात एकच रोप लावावं. बाकीचंही पुष्कळ होतं, पाण्याविषयी आणि खताविषयी. मी तो मोठ्यानं वाचून दाखवायला बाहेर आले. आत्याबाई पदर खोचून पंजाबिणीशी बोलत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्यांचं छान जमायचं. मला पाहून त्या पंजाबिणीला म्हणाल्या की आमची सून राहू द्या बाजूला, तिच्या हाताला फक्त कागद धरता येतो, माती तिला चिकटते.

पंजाबीण हसली. छत्तीसगढी वहिनीही हसली. मी कागदाची घडी केली, घरात गेले आणि तो हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याखाली सरकवून दिला. तीस वर्षांचा अनुभव आहे ना, मग मारा म्हटलं मजा.

आणि खरं सांगायचं तर मजा आलीच. ट्रकवाल्यानं आमच्या आणि आमच्या मागच्या लाइनीची रोपं एकदमच आमच्या कोपऱ्यावर उतरवली आणि तो निघून गेला. आत्याबाईंनी त्या ढिगाकडे पाहिलं. पेंढ्यानं बांधलेली, एकावर एक रचलेली रोपं. त्यांच्या लेखी त्या परांच्या पेंड्याच होत्या. त्यांनी बादल्या मागवल्या, पेंढा सोडला आणि एकेक रोप पाण्यात बुडवून, सपासप झटकून, मुळं पांढरी स्वच्छ करून ओळीनं मांडली. शेंडे खुडले, गावी उंच वाढलेल्या परांचे खुडतात तसे. मग खड्ड्यांत पाणी ओतून पायांनी चिखल करायला सांगितला. तेलगू बाईच्याही गावी धानच होतं, ती गुडघ्यापर्यंत साडी घेऊन लगेच उतरली. पंजाबीण आधी नाक मुरडत होती, मग तिला तो खेळ इतका आवडला की ती आपला खड्डा संपवून दुसरीच्या खड्ड्यात घुसली.

खड्ड्यांमधलं अंतर आत्याबाईंना पटेना. एवढ्या जागेत अर्धी बांधी होते, म्हणाल्या. खड्डे काही हलवता येत नव्हते. मग त्यांनी ठरवलं की एका खड्ड्यात दोन रोपं.

"एकटा परा कोणी रोवते का? जोडीनं ठेवा, बाई. एकट्याले भेव लागते."

म्हणून मागच्या लाइनीची रोपंही आमच्याच खड्ड्यांत गेली. आत्याबाईंनी गाणं धरलं. ते कोणाला येत नव्हतं, तरी दर ओळीच्या शेवटी सगळ्याजणी ओढून सूर लावायच्या. त्या एका खड्ड्यावरून दुसऱ्याकडे जायच्या त्या वाकून, मागे मागे सरकत. आणि त्यांच्या मागून, पाय कुठं पडतोय ते न पाहता, सगळ्या लाइनीतल्या बायका तशाच वाकून, मागे मागे. दुसऱ्या पाळीला निघालेली माणसं सायकलवरून उतरून बघत उभी राहिली. मी पाण्याच्या बादल्या आणून देत होते. मला माती न झाडण्याविषयी सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. मात्र त्या सकाळी मी पहिल्यांदा पाहिलं, की ही बाई सरळ उभी राहते तेव्हा किती उंच आहे.

जुनी पिंपं पुन्हा रोपांभोवती उभी केली. चार दिवस रोपं बरी दिसली. पाचव्या दिवशी पानं लोंबली, आठवडा व्हायच्या आत ती सगळी गळून पडली. पिंपांमध्ये नुसत्या काड्या उभ्या. एकेका पिंपात दोन-दोन.

सुपरवायझर आला. सायकल लावून त्यानं एका काडीच्या बुडाची माती बोटानं उकरली आणि विचारलं, "मिट्टी किसने झाड़ी?" मग माझ्याकडे वळून, "काग़ज़ पढ़ा नहीं किसी ने?"

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, कागद पावसात भिजला, अक्षरं पुसली. हे मी इतक्या सहज म्हटलं की मलाच नवल वाटलं. आत्याबाई पुढे झाल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मीच झाडली."

तो भला माणूस. रागावला नाही. आता महिनाभर तरी दुसरी रोपं नाहीत, माताजी, एवढं म्हणून निघून गेला. पण मागच्या लाइनीतल्या बायका भल्या नव्हत्या, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्यांची झाडं आम्ही पळवली आणि वर मारून टाकली. एकजण रस्त्यातूनच म्हणाली की म्हातारीच्या हातात जादू आहे, हात लावला की झाड गायब. आत्याबाई उठून आत आल्या. त्या दिवसापासून त्यांनी समोरच्या दाराकडे जायचंच सोडलं. मागच्या अंगणात, नळाजवळ, भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला भासऱ्यांना पत्र लिहायला बसवलं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सगळे खुशाल आहोत. पाऊस बरा आहे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "लिही. माझ्या हाताले आता यश नाई राहिलं. रोवणी आटोपली का मले न्यायले ये. इथं मी कोणाच्याच कामाची नाई."

मला हवं होतं तेच त्या माझ्याच हातानं लिहून घेत होत्या. सहा महिने मी ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि घशाखाली उतरेना. मी शेवटचं वाक्य गाळून टाकलं असतं तर त्यांना कळलंही नसतं. पण एक कागद दडवून काय झालं ते मी पाहिलं होतं. म्हणून सगळं जसंच्या तसं लिहिलं, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले, आणि घरात आल्यावर डाळीच्या डब्याखालचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. मला हे रोपं लावायच्या दिवशी सकाळीच माहीत होतं, हेही सांगितलं. का गप्प बसले तेसुद्धा सांगितलं. सांगताना रडू येत होतं आणि रडू आल्याचा पुन्हा राग येत होता.

आत्याबाई ताटं पुसत होत्या. पुसून झाली, रचून झाली, मगच बोलल्या.

"मले वाचता येत नाई म्हून मी चुकली. तुले वाचता येते अन् तू चूप बसली. मंग सांग, दोघींतली अडाणी कोण वो?"

आयुष्यात मला पुष्कळ बोलणी बसली, त्यातली बहुतेक मी विसरले. हे विसरले नाही. त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत, रचलेली ताटं उचलून ठेवायला गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मीठ कुठं आहे, नळ आला का, एवढंच. माझ्या सैल कणकेविषयीसुद्धा अवाक्षर काढत नव्हत्या. ते फार जड जायचं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या, तिथं जाऊन मी सगळं सांगून टाकलं. चूक आत्याबाईंची नाही, माझी. छत्तीसगढी वहिनीनं तोंडावर पदर घेतला. तेलगू बाईला कोणीतरी समजावून सांगितलं, तिनं कपाळावर हात मारला. पंजाबीण मात्र मोठ्यानं हसायला लागली, मग हसणं थांबवून म्हणाली की तिनं तिच्या सासूचं याहून वाईट केलंय, ते ती कधी सांगणार नाही, आणि आता बसून काय राहिलीस, बादली उचल.

त्या कागदात पाण्याविषयी जे लिहिलं होतं ते मी पाठ केलं. सकाळी आणि संध्याकाळी, पाऊस नसेल त्या दिवशी, प्रत्येक पिंपात पाणी घालायचं. ऊन पडलं तर पिंपावर गोणपाट टाकायचं. कधी पंजाबीण बरोबर यायची, कधी कोणी नाही. मागच्या लाइनीतल्या बायका दारातून बघायच्या आणि आपसात काहीतरी बोलायच्या. काड्या जशाच्या तशा. मेल्या की जगल्या ते मला ओळखता येत नव्हतं. सातवीच्या पुस्तकात ते नव्हतं. ओळखता येणारी बाई घरात होती, पण ती मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसलेली. विचारायची माझी छाती होत नव्हती. दोन आठवडे मी काड्यांना पाणी घातलं आणि रोज यांना विचारलं, हे काय वाटतं तुम्हाला? यांचं आपलं एकच, काडी आहे, काडीसारखी दिसते.

भासरे एका दुपारी आले. दुर्ग स्टेशनवरून पायीच, धोतराला लाल चिखल, हातात नव्या लसणाची जुडी. ते जेवले. पीक बरं आहे, रोवणी झाली, म्हैस व्यायली, असं सगळं सांगत होते. आत्याबाई ऐकत होत्या. त्यांचं गाठोडं सकाळपासून बांधून तयार होतं. संध्याकाळची गाडी होती. यांची दुसरी पाळी, म्हणून हे जाताना आईच्या पाया पडून गेले आणि पडताना माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

निघायची वेळ झाली. मागच्या दारानं गेलं तर मोठा वळसा पडला असता. म्हणून आत्याबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा समोरच्या दारानं बाहेर आल्या. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, मान खाली. भासरे गाठोडं घेऊन पुढे. आमच्या दारासमोरचं पिंप आलं आणि मी त्यांचा हात धरला. कधी नव्हे तो धरला.

"आत्याबाई, मले समजत नाई. मेलं का जितं हाये, तेवढं पाहून द्या. मंग जा."

मी त्यांच्या बोलीत बोलले, याचं मलाच नवल वाटलं. घरी मी पुस्तकी बोलायचा फार प्रयत्न करायचे.

त्या थांबल्या. पिंपाच्या भोकातून हात घातला आणि अंगठ्याच्या नखानं एका काडीची साल खरवडली. सालीखाली हिरवं. ओलं, हिरवंगार. त्यांनी दुसरी काडी खरवडली. तीही हिरवी. मग त्यांनी पदर मागे टाकला. पुढच्या पिंपाशी गेल्या. तिथली एक वाळलेली, कट्कन मोडली, जोडीची हिरवी. पुढचं पिंप, दोन्ही हिरव्या. त्याच्या पुढचं. पंजाबीण बाहेर आली, तेलगू बाई आली, आणि मी मागून चालत होते. एका काडीला सालीतून टाचणीच्या डोक्याएवढा कोंब फुटू पाहत होता. मी रोज पाणी घालत होते आणि मला तो दिसला नव्हता. स्ट्रीटच्या टोकापर्यंत आम्ही गेलो. सगळी काही जगली नव्हती. पण ज्यांच्यात एकही जिवंत काडी नाही अशी पिंपं एका हाताच्या बोटांइतकीसुद्धा नव्हती.

टोकाला उभं राहून आत्याबाईंनी मागे वळून सबंध ओळ पाहिली. मग मागच्या लाइनीकडे पाहिलं. तिथं रिकामे खड्डे पाण्यानं भरले होते आणि जादूचं बोललेली ती बाई दारात उभी होती.

"जिथं दोन जगले तिथून एक-एक काहाडा लागते," त्या म्हणाल्या. "मातीसकट. ते मागच्या लाइनीचे हायेत. त्यायचे त्यायले द्या लागते."

मी म्हटलं, होय, मातीसकट.

भासरे घाबरेघुबरे मागून आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "माय, गाडीचा टाइम होऊन राहिला न. चाल."

"गावची रोवणी झाली म्हणतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"झाली न. आठ दिवस झाले."

"माझ्याबिगर झाली."

भासऱ्यांनी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. साधा, सरळ माणूस, खोटं त्यांना जमायचं नाही. "झाली, माय," ते म्हणाले.

"मंग तिथं माझं काई अडून नाई राहिलं. इथली अजून व्हाची हाये." आणि मग माझ्याकडे बोट करून, "अन् हिले काईच येत नाई. हिले शिकवा लागते."

भासरे माझ्या तोंडाकडे पाहायला लागले. सून चिडेल, आता दोघींचं इथंच रस्त्यात जुंपेल, असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि घराकडे निघाले. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मला कोणी शिकवणार म्हटलं आणि मला राग आला नाही, असं ते पहिल्यांदाच झालं.